धाव आणि टायर : शर्यतीच्या मागील चाकाविषयी एक पाठ

बैलगाडीच्या लाकडी चाकास लोखंडी धाव कशी बसवितात, हे आजच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. चाकाच्या लाकडी घेरापेक्षा धाव मुद्दाम किंचित लहान करतात. ती गोवऱ्यांच्या व लाकडांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवितात. उष्णतेने लोखंड प्रसरण पावते, धाव मोठी होते. मग दोन-तीन माणसे सांडशीने ती उचलून चाकावर घालतात, घणाने ठोकून जागी बसवितात आणि लागलीच वर पाणी ओततात. धाव थंड होताच आकुंचन पावते व चाकास असा विळखा घालते की, आऱ्यांचे व घेराचे सारे सांधे आवळले जातात. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात उष्णतेच्या प्रकरणात हे उदाहरण पिढ्यानुपिढ्या दिलेले आहे.

मोटारीच्या टायरचा प्रकार नेमका याच्या उलट आहे. धाव बाहेरून आत आवळते. टायर आतून बाहेर दाबला जातो. धावेला लोहाराची आग आवळून धरते, तर टायरला पंपाची हवा धरून ठेवते. दोहोंतही मुख्य आधार खिळ्याचा किंवा स्क्रूचा नसतो. इंजिन कितीही बलवान असो, त्याची सारी शक्ती शेवटी टायर व रिम यांच्यामधील बोटभर रुंदीच्या एका सांध्यातून जमिनीपर्यंत जाते, आणि तो सांधा केवळ नीट बसण्याने व हवेच्या दाबाने टिकतो. ही एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसावी, एवढ्यासाठी आम्ही हा पाठ लिहीत आहोत. उदाहरण मुद्दाम टोकाचे घेतले आहे : सरळ रेषेत धावणाऱ्या शर्यतीच्या मोटारीचे मागील चाक, व त्यावर चढविला जाणारा, नक्षी नसलेला गुळगुळीत टायर. यास स्लिक असे नाव आहे.

हा विषय आपल्या दारचा आहे

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी व चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या मुलांस मोटारीचे चाक परके नाही. पिंपरीस टाटांचा, आकुर्डी व चाकण येथे बजाजचा कारखाना उभा राहिला. चाकण येथे २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि २०१३ साली त्याच परिसरात ब्रिजस्टोन कंपनीच्या टायरांचे उत्पादन सुरू झाले. टायर, रिम आणि त्या दोहोंवर उभी राहणारी गाडी ही तिन्ही एकाच पंचक्रोशीत तयार व्हावीत, असे भाग्य थोड्याच गावांच्या वाट्यास येते. आपल्यापैकी पुष्कळांचे वडील, काका किंवा मोठे बंधू अशा कारखान्यांत, अथवा त्यांना माल पुरविणाऱ्या लहान कारखान्यांत कामास असतील. मोठ्या कारखान्यांत टायर रिमवर चढविण्याचे काम यंत्रे काही सेकंदांत उरकतात. परंतु पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या टायरवाल्याच्या टपरीत तेच काम आजही मनुष्याचे हात, लोखंडी पट्ट्या व साबणाचे पाणी यांच्या साहाय्याने चालते. यंत्र जे करते, तेच हात करतात. म्हणून हातांनी ते कसे करावयाचे हे ज्यास समजले, त्यास यंत्रही समजले.

घाटातील बारी व धावपट्टीवरील शर्यत

सरळ रेषेतील मोटारशर्यत म्हणजे काय, हे आपल्याकडील मुलांस समजावून देण्यास फार सायास पडत नाहीत. खेड, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांत व भोसरी-चिखलीकडील गावांत यात्रेच्या वेळी बैलगाडा शर्यती होतात. या शर्यती २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाल्या होत्या. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली, डिसेंबर २०२१ मध्ये नियमांस अधीन राहून परवानगी मिळाली व मे २०२३ मध्ये न्यायालयाच्या घटनापीठाने तो कायदा मान्य केला. घाटातील बारीत गाडा उभ्या जागेवरून सुटतो, वळण न घेता सरळ चढावर धावतो, आणि निकाल सेकंदांवर व सेकंदाच्या अंशावर लागतो. ज्यास ड्रॅग रेसिंग म्हणतात, ती मोटारींची शर्यत याच जातीची आहे. तीतही मोटार स्थिर उभी असते, इशारा होताच सुटते, आणि ठरलेले सरळ अंतर कमीत कमी वेळात कापते. हे अंतर परंपरेने पाव मैल, म्हणजे १,३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर असते.

अमेरिकेत अशा शर्यती प्रथम ओसाड धावपट्ट्यांवर व कित्येकदा सार्वजनिक रस्त्यांवरही होत. त्यांस शिस्त लागावी, रस्त्यांवरचे जीव जाऊ नयेत, म्हणून १९५१ साली वॉली पार्क्स या गृहस्थांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली. आपल्या जिल्ह्यातही लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावाने अशी शर्यत भरलेली आहे. विद्यार्थ्यांनी यातून ध्यानी घ्यावयाचे ते हे की, ज्यांना वेगाची खरी हौस होती, त्यांनीच प्रथम रस्ता सोडून बंदिस्त धावपट्टी गाठली.

गुळगुळीत टायर कशासाठी

रस्त्यावरील टायरास खाचांची नक्षी असते. पुष्कळांची समजूत अशी असते की, ही नक्षी जमिनीस पकडून धरते. चिखलात हे काही अंशी खरे आहे. परंतु डांबरी व काँक्रीटच्या रस्त्यावर नक्षीचे मुख्य काम पाणी बाहेर टाकणे हे होय. पावसात टायर व रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर साचतो. खाचांतून ते पाणी निघून गेले नाही, तर चाक त्या थरावर तरंगते आणि सुकाणू व ब्रेक हे दोन्ही निरुपयोगी होतात. रस्ता पूर्ण कोरडा असेल, तर मात्र जितकी खाच तितके जमिनीस टेकणारे रबर कमी. म्हणून कोरड्या धावपट्टीवरील टायर गुळगुळीत करतात.

गुळगुळीतपणाबरोबर दुसरा गुण मऊपणाचा. स्लिकचे रबर रस्त्यावरील टायराच्या मानाने पुष्कळ मऊ असते. धावपट्टी डोळ्यास सपाट दिसली तरी ती बारीक खडबडीत असते. मऊ रबर त्या खडबडीत शिरते व चिकटते. त्याची किंमत अशी की, असा टायर फार लवकर झिजतो. शर्यतीपूर्वी चालक मागील चाके जागच्या जागी गरगर फिरवून त्यांतून धूर काढतो, हे आपण चित्रपटांत पाहिले असेल. तो केवळ दिमाख नव्हे. त्या योगे रबरावरील धूळ-खडी निघून जाते व रबर तापून अधिक चिकट होते.

तिसरा गुण बाजूच्या भिंतीचा. या टायराची भिंत मुद्दाम पातळ व लवचिक ठेवतात. मोटार सुटते त्या क्षणी रिम पुढे फिरू लागते, पण जमिनीस टेकलेले रबर अजून जागेवरच असते. मधल्या मध्ये भिंतीस पिळ्यासारख्या सुरकुत्या पडतात. ती सुरकुतलेली भिंत स्प्रिंगचे काम करते. इंजिनाचा हिसका ती प्रथम पोटात घेते व मग हळूहळू सोडते. म्हणून चाक एकदम निसटत नाही.

हवा कमी करण्याचा लाभ व त्याचे संकट

आता पाठाच्या मुख्य भागाकडे वळू. पेट्रोल पंपावर आपण ‘३० हवा भरा’ असे सांगतो, तेव्हा त्या ३० चा अर्थ दर चौरस इंचास ३० पौंड दाब असा असतो. मेट्रिक परिमाणात तो दर चौरस सेंटिमीटरास सुमारे २.१ किलोग्रॅम होतो. समजा, एका मागील चाकावर ३०० किलोग्रॅम भार आहे. भारास दाबाने भागले असता टायराचा जमिनीस टेकलेला भाग निघतो : ३०० भागिले २.१, म्हणजे सुमारे १४३ चौरस सेंटिमीटर. साधारण तळहाताएवढी ती जागा झाली. आता हवा १२ पौंडांवर आणली, म्हणजे दाब सुमारे ०.८४ झाला, तर तोच भाग सुमारे ३५७ चौरस सेंटिमीटर होतो. टायराची भिंत स्वतः थोडा भार उचलते, त्यामुळे हे गणित स्थूलमानाचे समजावे. परंतु दिशा बरोबर आहे. हवा कमी, तर जमिनीवर रबर अधिक. शर्यतीतले लोक म्हणूनच स्लिकमध्ये थोडी हवा ठेवतात. सर्वांत शक्तिमान वर्गातील मोटारींचे मागील टायर ३६ इंच उंच व साडेसतरा इंच रुंद असतात, आणि त्यांतील दाब अवघा सहा-सात पौंडांच्या आसपास असतो.

येथपर्यंत लाभच लाभ दिसतो. परंतु आरंभी सांगितलेला सांधा आठवावा. टायरास रिमवर कोण धरून ठेवते? हवा. तीच हवा आपण कमी केली. म्हणजे जमिनीवरील पकड वाढविताना रिमवरील पकड ढिली झाली.

शिवाय रिमवर येणारा ताण जमिनीवरील ताणापेक्षा अधिक असतो. तरफेचा नियम लावून पाहा. टायराची त्रिज्या १४ इंच व रिमची त्रिज्या साडेसात इंच धरली, आणि जमीन टायरास ३०० किलोग्रॅम जोराने मागे ओढते असे मानले, तर रिमच्या कडेशी तो जोर १४ भागिले साडेसात या प्रमाणात वाढतो. म्हणजे सुमारे ५६० किलोग्रॅम. इतका जोर त्या बोटभर सांध्याने सोसावयाचा, आणि तोही कमी हवेवर. सांधा निसटला तर रिम आतल्या आत फिरते व टायर मागे राहतो. आत ट्यूब असेल, तर तिचा व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो. ट्यूब नसेल, तर हवा बाहेर पळते. दोन्ही प्रकारांत भर वेगात चालकाच्या हातचा ताबा जातो.

याचे लहानसे प्रात्यक्षिक प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी आहे. सायकलच्या चाकात हवा कमी असताना बरेच दिवस ती चालविली, की व्हॉल्व्ह तिरका झालेला आढळतो. टायर व ट्यूब रिमवरून थोडी थोडी सरकली, असा त्याचा अर्थ. पायाच्या जोराने जे सायकलीत होते, ते शेकडो अश्वशक्तीच्या मोटारीत एका क्षणात होते.

टायर बसविण्याचा क्रम

कुशल मनुष्य हे काम कोणत्या क्रमाने करतो, ते आता पाहू. यातील बहुतेक पायऱ्या साध्या टायरासही लागू आहेत. स्लिकच्या वेळी जे निराळे करावे लागते, ते त्या त्या जागी सांगितले आहे.

पहिली पायरी मापाची. रिमचा व्यास व टायराचा व्यास तंतोतंत एक असला पाहिजे. १५ इंचांच्या रिमवर १५ इंचांचाच टायर; अर्ध्या इंचाचाही फरक चालत नाही. रुंदीही टायर करणाऱ्याने ठरवून दिलेल्या मर्यादेत असावी. मोटारीच्या मागील कमानीत जागा किती आहे, हेही पाहावे लागते. कारण स्लिक वेगात फिरू लागला की केंद्रोत्सारी प्रेरणेने फुगून उंच होतो. उभ्या मोटारीत न घासणारा टायर धावत्या मोटारीत घासू शकतो.

दुसरी पायरी स्वच्छतेची. टायराच्या आतल्या कडेत पोलादी तारांचे कडे असते. कारखान्यात तिला बीड म्हणतात. ही कड रिमवर जेथे बसते, ती जागा किंचित उताराची केलेली असते, जेणेकरून हवा भरताच कड उतारावर चढून आवळली जावी. त्या जागी गंज, जुने रबर, माती किंवा टवका असेल तर कड नीट बसत नाही. म्हणून ती जागा घासून पुसून कोरडी करावी, आणि बोट फिरवून पाहावी.

तिसरी पायरी जोडी जुळविण्याची. मागील दोन्ही स्लिकचा घेर समान असला पाहिजे. दोहोंत सारखी हवा भरून फितीने घेर मोजतात. एकाचा घेर अधिक असेल, तर प्रत्येक फेऱ्यात ते चाक अधिक अंतर कापते व मोटार एका बाजूस ओढली जाते. शिंप्याचे व सुताराचे जे पहिले शस्त्र, तीच साधी फीत येथेही उपयोगी पडते. टायरावर फिरण्याची दिशा दाखविणारा बाण असेल, तर तोही याच वेळी पाहून ठेवावा.

चौथी पायरी ओलाव्याची. टायराची कड सरकावी म्हणून टायरवाले तिला साबणाचे पाणी लावतात. तेल, ग्रीस किंवा पेट्रोल कदापि लावू नये. त्याने रबर बिघडते, आणि तेल वाळत नसल्यामुळे सांधा कायमचा निसरडा राहतो. स्लिकच्या वेळी साबणाचे पाणीही बेताचेच वापरतात व ते पूर्ण वाळू देतात.

पाचवी पायरी चढविण्याची, आणि येथे भूमितीची एक सुंदर युक्ती आहे. कडेतील पोलादी तार ताणली जात नाही. मग लहान घेराची कड रिमच्या मोठ्या ओठावरून आत जाते कशी? रिमच्या मध्यभागी सभोवार एक खोलगट पन्हळ ठेवलेली असते. कडेची एक बाजू त्या पन्हळीत दाबून खाली सोडली, की समोरच्या बाजूस तेवढी ढील मिळते व ती पट्टीच्या साहाय्याने ओठावरून सहज आत उतरते. ज्यास ही पन्हळ ठाऊक नाही, तो जोर करतो, तार वाकवितो व टायर बिघडवितो. ज्यास ठाऊक आहे, तो समोरची बाजू गुडघ्याने पन्हळीत दाबून ठेवतो आणि थोड्या जोरात काम उरकतो.

पुष्कळ स्लिकांची भिंत इतकी पातळ असते की, तिच्यातून हवा झिरपते; म्हणून त्यांत ट्यूब घालतात. ट्यूबेस शंखजिऱ्याची पूड लावून, किंचित हवा भरून ती आत सारावी. म्हणजे ती टायरास चिकटत नाही व तिला घडी पडत नाही. पट्टीने ट्यूब चिमटली जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

सहावी पायरी हवा भरून कड बसविण्याची. हवा आत जाऊ लागली की दोन्ही कडा सरकत सरकत आपापल्या जागी जातात, आणि ‘टक्’ असा आवाज एकामागून एक दोनदा येतो. त्यानंतर रिमच्या ओठालगत टायरावर जी बारीक रेघ असते, ती सभोवार सारख्या अंतरावर आहे की नाही, हे पाहावे. एका ठिकाणी जरी ती आत बुडालेली दिसली, तरी कड बसली नाही असे समजावे. या पायरीतील धोक्याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

सातवी पायरी केवळ शर्यतीच्या चाकाची. कमी हवेवर सांधा निसटू नये म्हणून दोन उपाय योजतात. पहिला उपाय असा की, रिमच्या ओठास सभोवार समान अंतरावर भोके पाडून लहान स्क्रू बसवितात. त्यांची टोके टायराच्या कडेत रुततात. स्क्रूची लांबी मोजून घ्यावी लागते. लांब स्क्रू ट्यूबेस टोचेल. दुसरा उपाय अधिक भक्कम आहे. त्यात टायराची कड रिमच्या बाहेरच्या अंगास ठेवून तिच्यावर धातूचे कडे बोल्टांनी आवळतात. हे बोल्ट ओळीने न आवळता समोरासमोरचे एकाआड एक, थोडे थोडे आवळावे लागतात. नाहीतर कडे एकीकडे कलते. घरी डब्याचे स्क्रूचे झाकण लावतानाही हाच नियम पाळला तर ते सरळ बसते.

आठवी पायरी खुणेची. टायर व रिम या दोहोंवरून जाणारी खडूची एक सरळ रेघ ओढतात. धाव झाल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर टायर किती सरकला हे डोळ्यांनी मोजता येते. एक पैही न खर्चता मिळणारे हे प्रमाण मोठमोठ्या उपकरणांच्या तोडीचे आहे.

शेवटी चाकाचा तोल पाहून आवश्यक तेथे वजने लावतात, चाक मोटारीस बसवून त्याचे नट समोरासमोर क्रमाने व मापाच्या पान्याने आवळतात, आणि धावेपूर्वी हवेचा दाब अचूक मोजतात. पेट्रोल पंपावरचे मापक येथे पुरत नाही. कारण १२ पौंडांच्या दाबात एका पौंडाचा फरक म्हणजे बारावा हिस्सा होय. तेथे पावपाव पौंड दाखविणारे मापक लागते.

जेथे जीव जातो ती पायरी

सहाव्या पायरीकडे आम्ही विद्यार्थ्यांचे व पालकांचे लक्ष पुन्हा वेधू इच्छितो. कड जागी बसत नाही असे पाहून अधीर मनुष्य हवा वाढवीत जातो, आणि वाकून कान टायराजवळ नेतो. त्या वेळी आत काय असते याचे गणित करा. १५ इंच व्यासाच्या रिमपासून २० इंच व्यासापर्यंतची टायराची भिंत घेतली, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे १३७ चौरस इंच भरते. दाब ४० पौंड असेल, तर त्या एका भिंतीवर सुमारे ५,५०० पौंडांचा, म्हणजे अडीच टनांचा रेटा असतो. तार तुटली किंवा कड निसटली, तर हा सारा रेटा समोर असलेल्या माणसावर येतो.

म्हणून टायर बनविणाऱ्यांचा नियम असा आहे की, मोटारीच्या टायराची कड बसविताना दाब ४० पौंडांवर कधीही नेऊ नये. आणि टायरावर किंवा सूचनापत्रात त्याहून कमी मर्यादा छापली असेल, तर तीच पाळावी. तेवढ्यात कड बसली नाही, तर सारी हवा सोडावी, कड पुन्हा ओली करावी, चूक कोठे आहे ते शोधावे व पुन्हा आरंभ करावा. हवेची नळी व्हॉल्व्हास स्वतः धरून राहील अशी चिमट्याची असावी. नळी लांब असावी. आणि मनुष्याने टायरासमोर किंवा टायरावर वाकून न राहता बाजूस दूर उभे राहावे. टायर उतरवितानाही व्हॉल्व्हमधील पिन काढून हवा पूर्ण गेल्याची खात्री झाल्याविना पट्टी लावू नये.

ट्रकांच्या काही रिम दोन-तीन तुकड्यांच्या असतात व त्यांवर लोखंडी कडे अडकवून टायर धरलेला असतो. त्यांत दाब मोटारीच्या कितीतरी पट असतो. असे कडे नीट बसले नसेल, तर हवा भरताना ते तोफेच्या गोळ्यासारखे उडते. हे टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरावयाचे असतात. आपल्या भागात रस्त्यालगत ट्रकांची चाके रात्रंदिवस खोलली जातात, आणि हे काम कित्येकदा कोवळ्या वयाच्या मुलांच्या हाती असते. ज्या दुकानात पिंजरा नाही, तेथे आपल्या मुलाने शिकाऊ म्हणून उभे राहू नये, असे प्रत्येक पालकाने स्पष्ट सांगावे. रोजंदारीचे चार पैसे या धोक्यापुढे काहीच नाहीत.

झिजलेला टायर स्लिक नव्हे

अखेरीस एका घातक गैरसमजाचे निरसन करू. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरावर दुचाकी चालविणारा तरुण कधी कधी अभिमानाने म्हणतो की, शर्यतीतही असाच टायर असतो. दिसण्यात साम्य आहे, गुणात मुळीच नाही. स्लिकचे रबर मऊ व ताजे असते. झिजलेल्या टायराचे रबर जुने होऊन कडक झालेले असते व त्याचा थर पातळ उरलेला असतो. स्लिक कोरड्या, झाडलेल्या धावपट्टीसाठी आहे. आपला टायर तळेगाव-चाकण रस्त्यावरील आषाढाच्या पावसासाठी आहे. खरा स्लिकही त्या पावसात टिकाव धरणार नाही, मग झिजलेल्याची कथा काय? मोटारवाहन नियमांप्रमाणे दुचाकी व तीनचाकीच्या टायराची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर व इतर मोटारींची किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. खाचांच्या तळाशी झीज दाखविणारे लहान उंचवटे ठेवलेले असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीस आले, की टायर बदलण्याची वेळ झाली.

विद्यार्थ्यांनी या सुट्टीत तीन गोष्टी कराव्यात. सायकलच्या टायरावर व रिमवर मिळून खडूची रेघ ओढावी, आणि हवा पुरेशी असताना व कमी असताना ती आठवड्याभरात किती सरकते ते वहीत लिहावे. घरातील दुचाकीच्या टायरावरील झीज दाखविणारे उंचवटे शोधून वडिलांस दाखवावेत. आणि आपल्या गाडीच्या एका चाकावरील भार व हवेचा दाब घेऊन वर दाखविलेले भागाकाराचे गणित करावे. मग चाकाखाली कागद सारून, जमिनीस टेकलेल्या भागाभोवती खूण करून उत्तर ताडून पाहावे.

२००८ साली अमेरिकेत एका नामांकित चालकाचा धावपट्टीवर मृत्यू झाला. तेव्हा सर्वांत वेगवान वर्गांचे अंतर तेथील संस्थेने १,३२० फुटांवरून १,००० फूट केले. ज्या मोटारी ताशी ५०० किलोमीटरांहून अधिक वेग गाठतात, त्यांच्या चालकांसही हे बंधन मानावे लागले. आपल्या भागातील रुंद रस्त्यांवर रात्री दुचाकींची शर्यत लावणाऱ्या मुलांपाशी स्लिक नसतो, मोजलेला दाब नसतो, खडूची रेघ नसते, आणि समोरून कामावरून सुटलेला मनुष्य सायकलीवर येत असतो. वेगाची आवड असलेल्या मुलास आम्ही इतकेच सांगू की, त्याने प्रथम एखाद्या जाणत्या टायरवाल्याजवळ किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत बसून एक टायर वरील क्रमाने, घाई न करता, स्वतः बसवून दाखवावा. तो सांधा समजल्यानंतर गाडीची किल्ली हाती घेताना त्याचा हात आपोआप सावध होईल.